आपणांस दार उघडण्याची विनंती करण्यात येते

परवा संध्याकाळी आमच्या वहिनी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन भर पावसात दाराबाहेर उभ्या होत्या. किल्ली घरात, आणि घरात दहावीतली पुतणी. वहिनी ओरडल्या, "अगं, दार उघड!" आतून उत्तर आलं, "थांब ना आई, त्याचंच पॅसिव्ह करतेय."

वहीत खरोखरच 'प्लीज ओपन द डोअर' होतं आणि त्याखाली मोत्यासारख्या अक्षरात 'यू आर रिक्वेस्टेड टू ओपन द डोअर'. गाइडप्रमाणे उत्तर बिनचूक. आता पावसात भिजणारा एखादा इंग्रज बायकोला असं म्हणाल्याचं ऐकिवात नाही, पण 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये असल्या शंका चालत नाहीत. सांगितलं तसं करायचं.

भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या 1957 सालच्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स'मध्येही कर्तरीचं कर्मणी करणारा नियम होताच. मात्र त्याला भाषेची घडण उलगडायची होती, आम्हाला एक मार्क हवा होता. पुढे तो स्वतंत्र नियम त्याच्याच परंपरेनं मोडीत काढला. आमच्या गाइडात तो ठणठणीत आहे.

खरं तर इंग्रजीतल्या बहुतेक कर्मणी वाक्यांत कर्ता सांगितलेलाच नसतो. तो ठाऊक नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा लपवायचा असतो, म्हणून तर ही रचना. पुतणीच्या क्लासचे सर मात्र 'बाय राम' लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापतात. कर्मणीचं मर्म कुणाला कळलं असेल, तर ते सरकारी कार्यालयांना. 'योग्य ती कारवाई करण्यात येईल.' कोण करणार? विचारून बघा. तिथे 'बाय' नाही.

धाकट्या पुतण्याचं वय साडेतीन. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' असं तो बिनदिक्कत म्हणतो. खाणारा एकच, पण क्रियापद खाल्लेल्या पदार्थाप्रमाणे फिरवतो. त्याला ना गाइड, ना क्लास. भाषाशास्त्रज्ञ ज्याला व्याकरण म्हणतात ते हेच, न शिकवता डोक्यात बसलेलं. जूनपासून त्याला ग्रामरच्या शिकवणीला घालायचा घरात विचार चालू आहे.

वहिनींना दार त्यानंच उघडलं, स्टुलावर चढून. पुतणीचं तोवर डायरेक्ट-इनडायरेक्ट सुरू झालं होतं.