ठकीचे काका

घरात मांजर नको, असं ज्यानं सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितलेलं असतं, त्याच्याच हातून पुढे मांजराच्या वाढदिवसाचा केक व्हायचा असतो. ही जमात हल्ली फार वाढली आहे. पेठांतले वाडे पडले, माणसं कोथरूडला आणि सिंहगड रस्त्याला फ्लॅटमध्ये गेली, मुलं त्याहून लांब गेली, निवृत्तांच्या हाती दुपारी उरल्या आणि पार्किंगमधली मांजरं लिफ्टनं वर येऊ लागली. या जमातीचा अस्सल नमुना आमच्या समोरच्या दारामागे राहतो. त्यांना त्यांचं नाव आहे, पण सोसायटीतली पोरं त्यांना ‘ठकीचे काका’ म्हणतात, आणि त्यांनी त्यावर अजून आक्षेप घेतलेला नाही. हे विशेष. कारण काकांचा सगळा जन्म आक्षेप घेण्यात गेला. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण हा त्यांचा पेशा. भल्याभल्या चेअरमनांना त्यांनी चहाच्या बिलांवरून घाम फोडलेला आहे. घरी काकूंच्या वाण्याच्या यादीवरसुद्धा लाल पेनाच्या बरोबरच्या खुणा असत.

२०२३च्या गोपाळकाल्याला भर पावसात त्यांच्या स्कूटरखाली एक पिल्लू सापडलं. ‘फक्त आजची रात्र’ हा काकांचा मूळ ठराव. दुसऱ्या दिवशी त्याला ‘पाऊस थांबेपर्यंत’ अशी दुरुस्ती झाली. तो पाऊस काकांच्या दप्तरी अजून थांबलेला नाही.

पिल्लाचे निळसर डोळे आणि दुधाचे दात बघून डॉक्टर म्हणाले, “साधारण सहा आठवड्यांचं असेल.” काकांनी त्यातला ‘साधारण’ गाळला, ७ सप्टेंबरातून बेचाळीस दिवस वजा केले आणि २७ जुलै ही जन्मतारीख कायम केली. वजाबाकीला कोण हरकत घेणार? काकूंनी मात्र पंचांग काढलं. २७ जुलै २०२३ म्हणजे अधिक श्रावण. “अहो, अधिकातला जन्म आहे हिचा!” आता अधिक श्रावण काही दर वर्षी येत नाही, त्याआधीचा २००४ साली येऊन गेला होता. मग अधिकात जन्मलेल्यांचा वाढदिवस निज महिन्यात करतात, हा शास्त्रार्थ निघाला आणि तारखेनं एक व तिथीनं एक असे दोन वाढदिवस मंजूर झाले. या घरात काकांचा स्वतःचा एकही वाढदिवस साजरा होत नाही. त्यांना तो अनुत्पादक खर्च वाटतो.

खरा पेच पुढे होता. हे घर पिढीजात शाकाहारी. केकमध्ये अंडं असल्याचा नुसता संशय आला म्हणून काकांनी बेकरी बदललेली. ठकीला पहिले काही दिवस दूधपोळी मिळाली आणि तिनं ती लगोलग गालिच्यावर परत केली. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून समजावलं, की मोठ्या होणाऱ्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आणि टॉरिन नावाचं जे द्रव्य त्यांच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागतं, ते त्यांचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळायला हवं. “म्हणजे वरणभातात नाही?” काकांनी विचारलं. “वरणभातात नाही,” डॉक्टर म्हणाले. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ड्राय बाल्कनीत एक इंडक्शनची शेगडी, एक पातेलं, एक सुरी आणि एक चमचा आला. चारही वस्तूंवर लाल ऑइलपेंटनं ‘ठ’ काढलेला होता. स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी यांच्यामधल्या उंबऱ्याला त्या दिवसापासून वाघा बॉर्डरचं महत्त्व आलं.

माणूस एकदा तत्त्व बदलायला निघाला, की जुन्या तत्त्वातलं काहीतरी नव्यात सापडावं म्हणून धडपडतो. काकांना ते सापडलं. कांदा आणि लसूण मांजराला विषासारखे, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात, हे वाचून त्यांचा चेहरा उजळला. “अगं ऐकलंस का, ही कांदा-लसूण खात नाही. बारा महिने चातुर्मास!” त्यानंतर ठकीविषयी बोलताना ‘आपल्यातली’ हा सूर त्यांच्या आवाजात लागला तो लागलाच.

पहिल्या वाढदिवसाला मुलीनं परदेशातून ऑनलाइन केक धाडला. खोका उघडला तर केक हाडाच्या आकाराचा. कुत्र्याचा निघाला. काकांनी चष्मा लावून वेष्टणावरचा बारीक मजकूर वाचला, मीठ आणि रंग या दोन शब्दांखाली रेघा मारल्या आणि पुढच्या वर्षी केक घरी होईल असं जाहीर केलं. काकांच्या संसारात तोवर त्यांनी घरी केलेला पदार्थ एकच, इलेक्ट्रिक किटलीतलं गरम पाणी.

तयारी एप्रिलमध्ये सुरू झाली. जुन्या लेजरच्या उरलेल्या पानांवर ‘ठकी : आहार व आरोग्य’ असं खातं आहेच, त्यात ‘केक’ हे उपखातं उघडलं. साखरेपुढे शून्य. गोड नसलेला केक कसला, असं मी विचारायचा अवकाश, की त्यांनी मला खुर्ची दिली. काका खुर्ची देतात तेव्हा पाऊण तास जातो. मांजराला गोड चव लागतच नाही. गोडाची चव ओळखणारी जी यंत्रणा जिभेवर असते तिचं एक जनुक मांजराच्या कुळात कधीच निकामी होऊन गेलंय, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. वाघ आणि चित्ताही त्यातच. “म्हणजे उद्या वाघासमोर पुरणपोळी ठेवलीत तरी त्याला ती नुसती मऊ लागणार,” काका हळहळले. साजूक तूप असतं तर गोष्ट वेगळी, असंही त्यांनी पुढे जोडलं, पण ते मोनेलचं नव्हे, त्यांचं स्वतःचं मत होतं.

चॉकलेट बाद, मनुका बाद, मैदा निरुपयोगी. मेणबत्ती नको, मिशा जळतील. फुलांत लिली अजिबात नको, तिचे नुसते परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं जाऊ शकतात. म्हणून गेल्या दिवाळीत कोणीतरी आणलेला गुच्छ काकांनी दारातच घेऊन जिन्यात ठेवला होता. आणणाऱ्याला आत घेतलं, पण हात धुवायला लावून.

मग उष्मांकांचा हिशेब लागला. चार किलोच्या घरबसल्या मांजरीला दिवसाला दोनशेच्या आसपास उष्मांक पुरतात आणि खाऊ त्याच्या एक दशांशापेक्षा जास्त असू नये, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे केकला मिळाले वीस. काकांनी त्याचं वजनात रूपांतर केलं, आणि जो केक निघाला तो कंदी पेढ्याएवढा. एप्रिल ते जुलै एवढी तयारी करून पेढ्याएवढा! दुसरा कोणी असता तर त्यानं दशांशाचा नियम वाकवला असता. काकांनी त्या दिवशीच्या रोजच्या जेवणातून रक्कम कापून केकखाती वर्ग केली. केक लाडवाएवढा झाला.

मासा कोणता, इथे कॅलेंडर आडवं आलं. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे बांगडा मिळाला तर बर्फातला. त्यात २०२५ साली २४ जुलैला दिव्याची अवस आणि २५पासून श्रावण. अवसेपर्यंत अर्ध्या पुण्यानं मासळी बाजार धुऊन नेलेला, आणि २७ला रविवारी, जेव्हा खाणारी माणसंसुद्धा महिनाभर तिकडे फिरकत नाहीत, तेव्हा आमचे काका छत्री, कापडी पिशवी आणि करोनातला मास्क लावून गणेश पेठेच्या बाजारात उभे. मास्क वासासाठी नव्हता. ओळखीचं कोणी भेटेल ही भीती.

“काका, उजनीची चिलापी घ्या, काटे कमी,” विक्रेती म्हणाली. “ताजी आहे का?” हा प्रश्न काकांनी भाजीबाजाराच्या सवयीनं विचारला. “डोळे बघा की, कसे चमकतात! कल्ले उघडून बघा.” काकांनी डोळ्यांकडे बघितलं. डोळ्यांनी काकांकडे बघितलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी समोरचा माल तपासल्याशिवाय मान्य केला. पण पावती मागितलीच. बाई एवढं हसली, की शेजारच्या दोघी ‘काय झालं गं’ म्हणत उठून आल्या, आणि शेवटी तिनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा लिहून दिला. तो पुठ्ठा व्हाउचर म्हणून लेजरला टाचलेला आहे. मी पाहिला आहे. अजून वास येतो.

घरी आल्यावर खरी अडचण कळली. काटे काढायचे कसे? वरच्या मजल्यावर मालवणकडच्या वहिनी राहतात. त्यांच्या फ्रायच्या वासाबद्दल काकांनी पूर्वी सोसायटीला एक रीतसर पत्र दिलेलं आहे, परिशिष्टासह. त्याच वहिनींच्या दारात काका झाकलेलं पातेलं घेऊन उभे राहिले.

“वहिनी, जरा एवढे काटे काढून देता का?”

वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. “काका, माझा श्रावण आहे! मी हात लावणार नाही हां.”

जन्मजात शाकाहारी माणूस श्रावणात मासे घेऊन दारात, आणि मासळीवर वाढलेली बाई त्याला उंबऱ्याबाहेर थोपवते आहे, हा देखावा बघायला मजल्यावरची तीन दारं उघडली. अखेर वहिनींनी तोडगा काढला. त्या आमच्या बाजूच्या जिन्यात, पदर नाकाला लावून स्टुलावर बसल्या आणि तिथून ड्राय बाल्कनीच्या खिडकीतून हुकूम सोडू लागल्या. “पाण्यात उकळा आधी. मीठ नको म्हणता ना? मग नको. आता मधला काटा धरा. तो नाही. तो पंख आहे, काका! शेपटीकडून उचला, अख्खा सुटून येईल.” सांगाडा अख्खा सुटून आला तेव्हा काकांच्या तोंडून ‘वा!’ गेलं. ताळेबंद जुळल्यावर ते ज्या आवाजात ‘वा’ म्हणत असतील, तोच असावा. त्यानंतर त्यांनी प्रत्येक घास बोटांनी चाचपला, मग दिव्यापुढे धरला, मग पुन्हा चाचपला. बारीक काटा ठकीच्या घशात जाता कामा नये. मुलीच्या पहिल्या पगाराची स्लिपही त्यांनी एवढी तपासली नव्हती, असं काकू उंबऱ्याच्या अलीकडून म्हणाल्या.

कुस्करलेला मासा, चमचाभर वाफवलेला लाल भोपळा आणि बांधणीला थोडं अंडं. अंडं फोडणं वहिनींच्या नातवानं केलं, त्याच्या वयाला श्रावण लागू नव्हता. भांड्याची पंचाईत काकूंनी सोडवली. त्यांनी जुन्या इडलीपात्राचा एक खण काढून बॉर्डरपलीकडे सरकवला आणि म्हणाल्या, “हे परत आणू नका.” दहा-बारा मिनिटांच्या वाफेनं केक फुगला नाही, पण धरला. राखाडी रंगाची, किंचित वाकडी इडली. वर भोपळ्याचा ‘२’. दोन वर्षांची मांजर माणसाच्या हिशेबानं चोवीस वर्षांची धरतात, हे काकांनी पाहुण्यांना सांगितलं. “स्थळं बघायला हवीत मग,” वहिनी म्हणाल्या. “तिचं ऑपरेशन झालंय,” काका गंभीरपणे म्हणाले.

संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. पाट होता, रांगोळी होती, औक्षणाचं तबक होतं. निरांजन काकांनी एक हात अंतरावर, मोजून, ठेवायला लावलं. सत्कारमूर्ती पाटावर सोडून कपाटावर बसली होती. तिला उतरवण्यात बराच वेळ गेला. काकूंनी अंगठी ओवाळली, सुपारी ओवाळली, आणि इथे प्रथमच ठकीला समारंभात रस वाटला. तिनं एका फटक्यात सुपारी तबकातून उडवली आणि सोफ्याखालून टीपॉयखाली, टीपॉयखालून देवघरापर्यंत पिटाळत नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बशी पुढे आली.

ठकीनं केक हुंगला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. काकांचा श्वास अडकलेला. तिनं मान वर केली, काकांकडे एकदा पाहिलं, आणि पंजानं बशीभोवतीची फरशी खरवडायला लागली. नसलेली माती ओढून ती केक पुरत होती.

खोलीत कोणी हसलं नाही. हसण्याची हिंमत झाली नाही.

“पुरून ठेवतेय,” काका म्हणाले. “उरलेलं अन्न झाकून ठेवायची त्यांची उपजत वृत्ती आहे. आवडल्याशिवाय कोण जपून ठेवील?” आणि त्यांनी लेजर उघडून केकसमोरच्या रकान्यात शेरा मारला : ‘विचाराधीन’. केक पुढे पार्किंगमधल्या बोक्यानं निकालात काढला, पण ती नोंद वेगळ्या खात्यावर आहे.

पाहुण्यांना काकूंचे बटाटेवडे होते. खाताखाता काका पुढच्या वर्षाच्या आखणीला लागले. “चिलापी गोड्या पाण्यातली. तिला समुद्राचं हवं असणार. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे २७ जुलैला अजून आषाढच असेल. म्हणजे वहिनींचा हात लागू शकतो.”

“माझा हात लागेल हो,” वहिनी म्हणाल्या, “पण बंदी असेल ना तेव्हा! ताजा बांगडा कुठला आणू? मे महिन्यातच घेऊन फ्रीजरमध्ये टाकायला हवा.”

“कोणाच्या फ्रीजरमध्ये?” काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला, आणि पुढे तिथीच्या वाढदिवसाचा विषय काढला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर ड्राय बाल्कनीतून टेप ओढल्याचा आवाज येत होता आणि काकू आतून ओरडत होत्या, “अहो, वॉशिंग मशीन कुठे जाणार मग?”