भावना दुखावल्या असल्यास

शिवी देताना माणूस किती नेमका असतो! शिरूर-दौंडच्या कुठल्याही गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. 'खालच्या आळीतला, सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला तो सतरंजीउचल्या' एवढ्या पत्त्यावर नवा पोस्टमनसुद्धा बरोबर दारात पोचेल. दुसऱ्या दिवशी माफी मात्र बिनपत्त्याची येते : 'माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी.' कुणाच्या? आणि असतील तर? आख्खं गाव रात्रभर तेच वाचत होतं की!

मग माफ करणारे सरसावतात. ज्याला शिवी बसली तो गप्प. ज्यांना बसलीच नाही ते पटापट हात जोडलेली चिन्हं टाकून मोठ्या मनाने माफ करून मोकळे. अ‍ॅडमिन 'विषय संपला' असं जाहीर करतो आणि खाली कांद्याचे बाजारभाव टाकतो. त्याला कसली भीती? संगनमत नसेल तर मेंबरच्या पोस्टला अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय.

खरे हाल कार्यकर्त्यांचे. दौंडला २०१९ साली कमळवाल्या राहुल कुलांनी घड्याळवाल्या रमेश थोरातांना अवघ्या ७४६ मतांनी हरवलं. एवढ्याशा फरकाच्या तालुक्यात एकेका मतामागे किती विशेषणं खर्ची पडली असतील! मग २ जुलै २०२३ उजाडला, अजितदादा सरकारात गेले आणि घड्याळवाले-कमळवाले एका दुपारी मित्रपक्ष झाले. पलीकडे शिरूर लोकसभेत आढळराव पाटील ज्या घड्याळाशी वर्षानुवर्षं लढले, तेच बांधून २०२४ ला उभे राहिले. नेत्यांचं एका शालीत मिटतं. कार्यकर्त्यांकडे मात्र एकमेकांचे स्क्रीनशॉट असतात. साहेबांच्या वतीने दिलेल्या शिव्या कुणी परत घ्यायच्या, साहेबांनी की आपण, याचा आदेश वरून अजून आलेला नाही.

माफीला पूर्वी निदान काही खर्च यायचा. २०१३ च्या दुष्काळात शेजारच्या इंदापूर तालुक्यात, निंबोडीच्या सभेत, अजित पवार धरणाबद्दल नको ते बोलून गेले. जाहीर माफी मागितली, वर कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर उपाशी बसून आत्मक्लेश केला. तेव्हा त्याची टिंगल झाली. आमच्या मते ती जरा घाईच झाली. एक दिवस गेला, कराडपर्यंतचं डिझेल जळलं. आताच्या माफीत अंगठ्यालासुद्धा घाम येत नाही.

राहिली तंटामुक्त समिती. आर. आर. आबांनी २००७ साली १५ ऑगस्टला योजना सुरू केली ती बांधाचे, भाऊबंदकीचे, पाण्याचे तंटे गावातच मिटावेत म्हणून. 'रात्री साडेअकराला टाकलेली व्हॉइस नोट' असा रकाना तेव्हाच्या नोंदवहीत कुठून असणार? शिवाय समितीचा अध्यक्ष कोण, यावरून जो तंटा होतो तो मिटवायला दुसरी समिती नाही.

तरी मिटतं. पोलीस ठाण्यात एनसी होते, जमादार दोघांनाही बाकावर बसवतो आणि भूक लागेपर्यंत विचारत नाही. संध्याकाळी देवळात बैठक बसते. दोघं एकमेकांकडे न बघता गळाभेट घेतात, फोटो त्याच ग्रुपवर पडतो आणि एखादा म्हातारा म्हणतो, ''जाऊ द्या, झालं गेलं भीमेला मिळालं.''

भीमेला मिळालेलं पुढे उजनीत साठतं. ते सोलापूरकर पितात.