साठ किलोंचं बाळसं

कोल्हापुरात बारीक असणं हा खासगी मामला नाही. महिनाभरानं भेटलेला माणूस तुमची खुशाली विचारण्याआधी तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, "वाळलासा की ओ!" त्यानंतरचे प्रश्न घरच्यांवर संशय घेणारे असतात. ज्या गावात पाहुण्याची वाटी रिकामी होण्याच्या आत तांबड्याची दुसरी पळी पडते, तिथं कुणाच्या बरगड्या दिसणं ही अख्ख्या गल्लीची बेअब्रू. अशा गल्लीत आम्ही असा एक कुत्रा आणला, ज्याच्या बरगड्या रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवरून मोजता येत होत्या.

बाळू जातीनं ग्रेट डेन. नावात डेन्मार्क असलं तरी ही जात घडली जर्मनीत, रानडुकरांच्या शिकारीसाठी. अठराव्या शतकात बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं तिला डॅनिश ठरवलं आणि ते बिरूद चिकटलं ते चिकटलंच. बाळूची कथा त्याहून साधी. कुणाच्या तरी फार्महाउसच्या फाटकाशी शोभेला म्हणून आणलेलं पिल्लू. मालकांची हौस फिटली, पिल्लू मात्र वाढतच राहिलं, आणि राखणदाराच्या डब्यातून उरेल त्या भाकरीवर दोन वर्षांचं झालं. आमच्याकडे आला तेव्हा खांद्यापाशी टेबलाएवढा उंच आणि कमरेची दोन हाडं अशी वर आलेली, की खुंटी समजून कुणी सदरा अडकवावा.

गल्लीनं पहिल्याच संध्याकाळी निदान केलं. कुणी म्हणालं पोटात जंत, कुणी म्हणालं दृष्ट, तर शेजारच्या आक्कांनी आमच्या घराकडे एक नजर टाकून म्हटलं, "माणसांचं ठीक हाय, पण मुक्या जनावराला तरी पोटभर घाला की."

डॉक्टरांनी निदानाआधी माझा हात टेबलावर ठेवायला लावला. म्हणाले, मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा हडकुळा. आता मूठ उघडून पंजा पालथा ठेवा, हाताच्या पाठीवरून बोटं न्या. हाडं कळतात, पण वर पातळसा थर आहे. असा कुत्रा बरोबर. पंजा उताणा करून तळव्याचा मांसल भाग दाबा. बरगड्यांवर असं लागलं तर लठ्ठ. जगभरचे पशुवैद्य याच अंदाजाला एक ते नऊ असे गुण देतात. चार-पाच म्हणजे उत्तम, नऊ म्हणजे चालता लोड. बाळूला दोन मिळाले. इथं एक सांगायला हवं, की हा नियम आपल्या कारवानी कुत्र्याला जसाच्या तसा लावू नये. पळण्यासाठीच जन्मलेल्या त्या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर तो तब्येतीचा दाखला असतो. ग्रेट डेनला ती सवलत नाही.

वजन करायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. दवाखान्यातला काटा मांजरं आणि पॉमेरियन यांच्यासाठी होता. शेवटी ओळखीनं मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर गेलो. बाळूचे पुढचे पाय काट्यावर चढले की मागचे गुळाच्या रव्यांकडे निघायचे. चौघांनी मिळून त्याला उभा केला. मापाडी सवयीनं म्हणाला, "बारदान वजा करू काय?" मग त्यानं बाळूकडे नीट बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "वजा करायला हाय काय ह्याच्यात." काटा बेचाळीसवर थांबला होता. अमेरिकेतल्या केनेल क्लबच्या हिशेबानं पूर्ण वाढलेला नर 63 ते 79 किलोंचा असतो. बाळूचा सांगाडा जरा लहान, म्हणून डॉक्टरांनी साठचा आकडा ठरवला.

आता सरळ उपाय असा, की घालावं पोटभर. गल्लीची तयारीही होती. पण फार दिवस उपाशी राहिलेल्या जिवाला एकदम पोटभर घालणं हा त्याला मारण्याचा प्रेमळ मार्ग आहे, हे जगाला नीट कळलं दुसऱ्या महायुद्धानंतर, छावण्यांतून सुटलेले कैदी भरपेट जेवून दगावले तेव्हा. उपाशी शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून दिवस काढत असतं. त्यात अचानक भाताचा डोंगर आला की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांचा खडखडाट झाला की हृदय गोंधळतं. म्हणून सुरुवातीला बाळूच्या ताटात होती ती गरजेच्या पाव हिश्शाची पेज, मग तिसरा हिस्सा, मग अर्धा. तो ताट चाटून, ताट उचलून, ताटासकट माझ्या मागे फिरायचा. ते बघून आक्का डोळ्याला पदर लावायच्या आणि माझ्याशी बोलायच्या नाहीत.

दरम्यान रक्त तपासलं, शी तपासली. आपल्याकडे खाऊनही अंगी न लागणाऱ्या कुत्र्यामागे बऱ्याचदा गोचीड ताप निघतो, नाहीतर जंत. बाळूकडे दोन्ही होते. म्हणजे जंतांच्या बाबतीत गल्ली बरोबर होती, आणि हे गल्ली अजून विसरलेली नाही.

मग गणित सुरू झालं. कुत्र्याला नुसतं पडून राहायला किती ऊर्जा लागते, याचं सूत्र माक्स क्लायबर या स्विस शास्त्रज्ञानं 1932 साली मांडलेल्या नियमावर उभं आहे. वजनाचा पाऊण घात घ्यायचा आणि सत्तरनं गुणायचं. पाऊण घात कसा काढतात हे मला मुलीनं मोबाइलवर करून दाखवलं. गंमत अशी, की समोरच्या घरातल्या पाच किलोंच्या पॉमेरियनला या हिशेबानं 234 कॅलरी लागतात आणि त्याच्या दहापट वजनाच्या कुत्र्याला 1,316, म्हणजे सहापटही नाही. मोठं शरीर किलोमागे काटकसरी असतं. साठ किलोंसाठी पडून राहण्याचे पंधराशे, वजन वाढायला म्हणून त्यावर चाळीस टक्के, एकूण 2,100 कॅलरी. एवढ्यात तर माझं स्वतःचं भागतं! एवढा मोठा प्राणी आणि खातो कारकुनाएवढं, म्हणून मी खूश झालो.

डॉक्टर म्हणाले, सूत्र फक्त फाटकापर्यंत सोडतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या 2006 सालच्या तक्त्यात ग्रेट डेनची रोजची गरज वेगळी नोंदवली आहे. तितक्याच वजनाच्या, न्यूफाउंडलंड जातीच्या निवांत कुत्र्याला जेवढं लागतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ती भरते. साठ किलोंच्या देहाला एकीकडे 2,260 आणि दुसरीकडे 4,300. एकाच पंगतीत बसणाऱ्या दोन चुलतभावांचं आपल्याकडे हेच असतं. एकाला वरणभातानं ढेरी येते आणि दुसऱ्याला श्रीखंड ओतलं तरी गालाची हाडं बसत नाहीत. 2012 साली जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनीज बुकात गेलेला मिशिगनचा झ्यूस हाही ग्रेट डेनच. खांद्यापाशी 111.8 सेंटिमीटर, वजन सत्तरच्या आसपास, आणि दिवसाला किलोभर कोरडं खाणं.

किलोभर खायचं, पण एका बैठकीत नाही. खोल छातीच्या या कुत्र्यांच्या पोटात वायू धरला तर जठर फुगून स्वतःभोवती पीळ घेतं. उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणतं, आणि तिथून पुढं हातात काही तासच असतात. ग्रेट डेन या बाबतीत सर्वांत धोक्याची जात. दिवसातून एकदाच भरपूर जेवणं, बकाबक गिळणं, आणि नेमकं म्हणजे अंगानं हडकुळं असणं, या सगळ्यांनी धोका वाढतो. म्हणून चार वेळा थोडंथोडं: कोमट पाण्यात भिजवलेलं मोठ्या जातीचं खाणं, उकडलेली कोंबडी, मऊ भात, लाल भोपळा, अंडं. जेवणानंतर तासभर उड्या बंद. उड्या बंद हे बाळूला समजावण्याचं काम घरात माझ्याकडे आलं.

आक्कांना त्याचं वाकून जेवणं बघवेना. एवढं उंच लेकरू, मान मोडेल की! त्यांनी घरातला सत्यनारायणाचा चौरंग आणून त्यावर बाळूचं ताट मांडलं, कडेनं रांगोळीची एक रेघसुद्धा ओढली. पूर्वी बऱ्याच पशुवैद्यांचंही हेच मत होतं. पण पर्ड्यू विद्यापीठानं मोठ्या जातींच्या दीडहजारावर कुत्र्यांचा अभ्यास करून 2000 साली सांगितलं, की उंचावरच्या ताटानं पोट पिळण्याचा धोका उलट वाढलेला दिसला. चौरंग सन्मानानं परत गेला. त्याच मंडळींच्या आधीच्या एका अभ्यासात, आनंदी स्वभावाच्या कुत्र्यांना हा आजार कमी होतो असंही आढळलं होतं. ते मी आक्कांना आवर्जून सांगितलं, म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी काम राहील.

वस्तादांचं प्रकरण जास्त अवघड. ते तालमीतले, खुराकाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बदाम वाटून, वर तूप, आणि गंगावेशीत डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध, हा त्यांचा मंत्र. पैलवानाचा देह यावर उभा राहतो. कुत्र्याचं स्वादुपिंड एवढ्या तुपानं सुजतं. आणि वाढलेल्या कुत्र्याला दुधातली साखर पचवणं बऱ्याचदा जमत नाही. दूध-पोळीवर पिढ्यानपिढ्या कुत्री पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे पटत नाही. वस्तादांनी एका सकाळी आमच्या नकळत बाळूला लोटाभर दूध पाजलं. दुपारनंतर अंगण धुण्याला वस्ताद स्वतः आले होते, हे त्यांच्या मोठेपणाचं. मेडिकलवाल्यानं कॅल्शियमची बाटली पुढं केली, तीही परत. हाडं मोठी म्हणून कॅल्शियम जास्त, असा लोकांचा समज. प्रत्यक्षात ग्रेट डेनच्या पिल्लांना जादा कॅल्शियम घातलं तर हाडांची वाढच बिघडते, हे नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या संशोधकांनी 1980 च्या दशकातच दाखवलं आहे.

पण खरी पंचाईत आमच्या स्वयंपाकघराची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि कोल्हापुरात ज्याला नुसतं चटणी म्हणतात तिचं अर्धं आयुष्यच कांदा-लसूण. म्हणजे तांबडा गेला, पांढरा गेला, सुकं गेलं, झुणका गेला. शिऱ्यातला आणि लाडवातला बेदाणा मूत्रपिंडावर उठतो. त्यात टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर, म्हणून आमटीही बाद. शिजवलेलं हाड तुकडे होऊन टोचतं, तेव्हा नळीही नाही. लोक कांदेनवमीला भज्यांवर ताव मारून चार महिने कांदा सोडतात. बाळूचा चातुर्मास बारमाही, आणि तो पाळून वर रोज कोंबडी. आमच्या आत्या देवदर्शनाला आल्या होत्या. बिनकांद्याचा, बिनलसणाचा, वेगळ्या भांड्यातला स्वयंपाक बघून त्यांना फार समाधान वाटलं. तो कुणासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

वजन चढत गेलं, पण सावकाश. आठवड्याला अर्धा किलो, कधी पाऊण, आणि एकदा उतरलंसुद्धा. आधी मान भरली, मग कमरेच्या खुंट्या बुजल्या. मांड्या मात्र तशाच राहिल्या. तिथं वस्तादांचा शब्द खरा ठरला. "नुसत्या खुराकानं चरबी येती, अंग मेहनतीनं येतं," असं ते पहिल्यापासून सांगत होते, आणि डॉक्टर हेच सांगत होते, फक्त त्याला स्नायूंची पुनर्बांधणी म्हणत होते. तेव्हापासून रंकाळ्याच्या काठानं संथ फेऱ्या सुरू झाल्या. वस्ताद पुढं, बाळू मध्ये, मी दोरीच्या टोकाला.

अडतीवर बाळूचं वजन साठ भरलं त्या दिवशी मापाड्यानं गुळाचा खडा काढला; तो मी खाल्ला. दवाखान्यात डॉक्टरांनी बरगड्यांवरून बोटं फिरवली, वरून कंबर बघितली, बाजूनं पोटाची चढण बघितली आणि पाच गुण दिले. मग म्हणाले, आता ताट कमी करायचं. लॅब्रेडॉरांवरचा एक जुना प्रयोग त्यांनी सांगितला. 48 पिल्लांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्याहून पाव हिस्सा कमी घातलं, आणि 2002 साली निकाल आला, की कमी खाणारे सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले. ग्रेट डेन मुळात आठ-दहा वर्षांचा धनी. त्याच्यासाठी पावणेदोन वर्षं ही किरकोळ रक्कम नव्हे.

हे आक्कांना सांगायला मी बायकोला पाठवलं. आक्कांनी ऐकून घेतलं. गेले कित्येक महिने त्या रोज स्टीलच्या डब्यात उकडलेला भोपळा पाठवायच्या, डब्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर नातवाच्या अक्षरात 'बाळू. चटणी नाय.' असं लिहिलेलं. तो डबा निम्मा करायचं त्यांनी कबूल केलं, तेही जरा घासाघीस होऊन. मग त्या आत येऊन माझ्याकडचा बाळूच्या खाण्याचा तक्ता मागू लागल्या. सूनबाई फार वाळली आहे, तिला किती वेळा आणि काय काय घालायचं, तेवढं त्या डॉक्टरांना विचारून लिहून द्या म्हणाल्या. सूनबाई तेव्हा जिमला गेल्या होत्या.