सल्ल्याचे भागभांडवल

सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये राष्ट्रसभेने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनच्या रणभूमीवर गेले आणि अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच, रुग्णांची शुश्रूषा करीत असता, कैलासवासी झाले, ही गोष्ट भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकामुळे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. परंतु कोटणीस गेले तरी उरलेले समस्त सोलापूर वैद्यकी करण्यासाठी मागे राहिले, या गोष्टीची दखल कोणत्याही इतिहासकाराने अद्याप घेतलेली नाही.

या शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले मोठे सरकारी रुग्णालय आहे (त्याचे नाव कितीही वेळा बदलले तरी रिक्षावाला त्याला ‘सिव्हिल’च म्हणणार), आणि सहकार हा तर या जिल्ह्याचा श्वासच असल्यामुळे साखर, सूत आणि पतपेढ्या यांच्या जोडीला अश्विनी सहकारी रुग्णालयही आहे. तथापि ज्या सहकारी संस्थेची नोंदणी कोणत्याही दप्तरात नाही, जिला अध्यक्ष नाही, हिशेबतपासनीस नाही आणि जिचे सभासदत्व जन्मतःच बहाल होते, ती सल्ल्याची संस्था या सर्वांहून भरभराटीस आलेली आहे. सामान्य माणसाला तिचे कामकाज पाहावयाचे असेल, तर त्याने एकदा आजारी पडावे.

माझ्यावर तो योग वैशाखात आला. पारा चव्वेचाळीस अंशांवर गेलेला असता बारा वाजून काही मिनिटांचा मुहूर्त धरून लावलेल्या एका लग्नात अक्षता टाकून परतताना मला भोवळ आली आणि आप्तेष्टांनी मला उचलून एका रुग्णालयात दाखल केले. तेथील तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, उलटी नाही याची खातरजमा केली आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवण्याचे मुक्रर करून फर्मान सोडले, की साखरमिठाचे पाणी घोटघोट पीत राहावे. बस्स, एवढेच! एवढ्या स्वस्त सल्ल्यावर कोणाचा विश्वास बसावा?

भेटीची वेळ चार ते सहा अशी भिंतीवर लिहिलेली होती. त्या शिरस्त्याबरहुकूम मंडळी साडेतीनपासून येऊ लागली. पहिल्या पाहुण्यांनी, खिशात कांदा बाळगला असता तर ऊन लागलेच नसते, असा निर्वाळा दिला. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, त्या हिशेबाने येथे उन्हाचा त्रास कोणालाच होता कामा नये, ही शंका मी ओठांवर येऊ दिली नाही. दुसऱ्यांनी सब्जा सांगितला, तिसऱ्यांनी सब्जाने सर्दी होते असे सांगून तो रद्दबातल केला, आणि एका मावशींनी ‘तोंडाला चव नसेल’ म्हणून कडक भाकरी व शेंगाचटणीचा डबा माझ्या उशाशी असा ठेवला, की शेजारच्या खाटेवरील रक्तदाबाचा रुग्ण, ज्याला मिठाची सक्त मनाई होती, तो भिंतीकडे केलेले तोंड फिरवून माझ्याकडे स्नेहाने पाहू लागला.

शेवटी जॉबरमामा आले. मामांनी उभा जन्म गिरणीत कामगारांवर नजर ठेवण्यात काढला. आजही ते मोठ्याने बोलतात, कारण सांच्याच्या खडखडाटात ज्याचा आवाज पोहोचत असे तो रुग्णालयातील शांततेपुढे नमते घेत नाही. त्यांनी माझ्या खाटेभोवती एक फेरी मारली, वर पाहिले, खाली पाहिले, आणि वॉर्डाला ऐकू जाईल अशा स्वरात विचारले, “ह्यांना नुसतंच निजवलालेत की! बाटली कुठाय?”

मामांच्या लेखी, आणि त्यांच्याच का, अर्ध्या जिल्ह्याच्या लेखी, सलाइनची बाटली हा आजारपणाचा सनदशीर दाखला होय. ती ज्याच्या उशाशी लटकत नाही तो मनुष्य रुग्ण नसून फुकटची खाट अडवणारा पाहुणा समजावा. सिस्टर आल्या. याच सिस्टर थोड्या वेळापूर्वी एका आजीबाईंना कानडीत, त्यांच्या सुनेला तेलुगूत आणि वॉर्डबॉयला मराठीत, एका दमात तीन हुकूम देऊन गेल्या होत्या. त्यांनी मामांना अदबीने सांगितले, “मामा, अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम. तेवढी तुम्ही सकाळच्या चहातच संपवता. मास्तरांचं तोंड चालतंय, तर हाताला सुई कशाला?”

माझे तोंड चालते याविषयी माझ्या कोणाही विद्यार्थ्याने कधी संशय घेतलेला नाही; मामांना मात्र ते पटले नाही.

वास्तविक या साखरमिठाच्या पाण्याची कुळकथा सलाइनहून किती तरी थोर आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले आणि बाटल्यांचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपे भरविली व ते रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या आप्तांवर सोपविले. परिणामी तिसाच्या घरातला शेकडा मृत्युदर चाराच्या खाली आला. लक्षात घ्या, आप्तांवर! म्हणजे खाटेभोवती जमणारी ही जी फौज आपणांस उपद्रवी वाटते, तिच्या हातात सल्ल्याऐवजी पेला दिला, की तीच फौज कामाची होते. मी हा दाखला मामांना ऐकविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझा पेला भरला, मी तो पिईपर्यंत जॉबराच्या नजरेने पहारा केला, पुन्हा भरला, आणि रात्री आठ वाजता सिस्टरांनी हाकलेपर्यंत हा क्रम चालू ठेवला. सकाळी मला घरी सोडले. त्याचे श्रेय पहिल्या पाहुण्यांनी कांद्यास दिले. घरी निघताना तो माझ्या खिशात घालण्यात आला होता.

तेव्हा वाचकहो, उन्हाळ्यात कोणास भेटावयास रुग्णालयात जाल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ एवढे प्रमाण तोंडपाठ करून जा. मात्र रुग्ण शुद्धीवर नसेल, बरळत असेल किंवा अंग तापून कोरडे पडले असेल, तर पाणी पाजत बसू नका, डॉक्टरांना हाक मारा. खाटेवर बसू नका. आणि शेंगाचटणी न्यावयाचीच असेल, तर ती रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी न्या.