अण्णांचं काय बिघडलंय?

काही माणसांना सुरळीत चाललेल्या वस्तूशी काय बोलावं तेच कळत नाही. वस्तू मोडावी अशी त्यांची इच्छा नसते, पण ती कुरकुरली, अडली, रुसली की यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. ह्यूस्टनचे आमचे अण्णा या जातीचे शिरोमणी. मूळचे सांगलीकडचे. तेलाच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली, आता निवृत्त. दारात दोन जपानी गाड्या आहेत. दोन्हींना कधी काही होत नाही, त्यामुळे अण्णांना त्यांच्याबद्दल कणभर आपुलकी नाही. त्यांचं प्रेम एका रायफलवर आहे, आणि ती इशापूरची आहे.

इशापूर म्हणजे कोलकात्याच्या वरच्या अंगाला, हुगळीच्या काठी असलेली सरकारी रायफल फॅक्टरी. १९६२ साली चीनने आपल्याला जे दाखवायचं ते दाखवलं. त्यानंतर या कारखान्याने इंग्रजांच्या जुन्या ली-एन्फिल्डचा सांगाडा घेतला, पोलाद बदललं, बारा काडतुसांचं मॅगझीन लावलं आणि ३०३ ऐवजी नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसावर चालणारी रायफल काढली. तिचं नाव २ए. पुढे मागच्या साइटची पट्टी दोन हजार मीटरवरून आठशेवर आणली, तेव्हा ती २ए१ झाली. अण्णांना हा बदल अगदी मान्य आहे. "दोन हजार मीटरवरचा माणूस दिसतो कुणाला रे? मला समोरच्या रांगेतली तुझी वहिनी ओळखू येत नाही."

सेवेतून काढलेल्या अशा रायफली जहाजातून अमेरिकेला आल्या. त्यांतली एक कुठल्याशा प्रदर्शनात ग्रीसने माखून पडली होती आणि अण्णांनी ती पाहिली. दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी कड्यावर कारखान्याचं नाव होतं, साल होतं. विकणाऱ्याला ते गाव नकाशात कुठे आहे हे माहीत नव्हतं. अण्णांनी त्याला ते सांगितलं, मग कारखान्याचा इतिहास सांगितला, मग १९६२ सांगितलं. भाव बराच कमी झाला म्हणतात. माझा अंदाज असा की त्या माणसाला घरी जायचं होतं.

या प्रेमाला जुनी जखम आहे. कॉलेजात अण्णा एनसीसीत होते. खांद्यावर ३०३ घेऊन त्यांनी परेड केली, तिचं वजन सोसलं, दस्त्याने कॉलरबोन सोलून घेतलं. पण फायरिंगचा दिवस आला तेव्हा हातात दिली ती पॉइंट टू-टू. मोजून पाच गोळ्या. उस्ताद म्हणाले, मोठीचा धक्का तुम्हा पोरांना झेपायचा नाही. पुढे स्वतःची घ्यावी तर भारतात लष्करी बोअरची रायफल सामान्य नागरिकाला मिळत नाही; त्याच इशापूरला नागरिकांसाठी म्हणून ३१५ बोअरची वेगळी रायफल बनते ती यामुळेच. टेक्ससमध्ये अण्णांना कळलं की इथे पन्नास वर्षांपेक्षा जुनी बंदूक 'क्युरिओ' धरतात आणि अशा वस्तू जमवणाऱ्यांसाठी वेगळा परवानाही असतो. त्यांनी तो काढला. घरी सांगताना म्हणाले, "पन्नाशी ओलांडली की किंमत वाढते बघ." वहिनी म्हणाल्या, "वस्तूची."

अण्णांकडे पिस्तूल नाही. ते शिकारीला जात नाहीत. कागदाखेरीज त्यांनी आजवर कशालाही भोक पाडलेलं नाही. बंदुकीवरून या देशात जे चालतं त्याचा विषय निघाला की ते गंभीर होतात आणि तिजोरीची किल्ली खिशात आहे ना, हे चाचपून बघतात. रायफल हे त्यांच्या लेखी एक यंत्र आहे, आणि यंत्र म्हणजे आपल्याला घातलेलं कोडं.

पहिलं कोडं रेंजवर पडलं. अण्णा बाकावर बसले, कानांवर मफ, डोळ्यांवर चष्म्यावरून चष्मा, श्वास अर्धा सोडून धरला, चाप ओढला. टक्. बाकी काही नाही. अशा वेळी रायफल उघडायची नसते. नळीचं तोंड समोरच्या मातीच्या भरावाकडे ठेवायचं आणि थांबायचं, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. अण्णा तीस सेकंद थांबतात आणि ते मोठ्याने, मराठीत मोजतात. आता त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना आपले आकडे येतात. रेंजचा सुरक्षा अधिकारी, सैन्यातून निवृत्त झालेला धिप्पाड गृहस्थ, एकोणतीसला अडखळतो. पण 'तीस' असं खणखणीत ओरडतो की शेजारचे दचकतात.

काडतूस बाहेर काढलं तर बुडाच्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टिकलीवर, पिनेची नुसती पुसट खूण. अण्णांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते गोळी बुलमध्ये लागूनही पसरलं नसतं. "पिन पोचतेय, पण दमून पोचतेय," ते म्हणाले. कारण साधं होतं. गोदामात गंजू नये म्हणून रायफलीला जे ग्रीस फासतात ते वर्षानुवर्षं बोल्टच्या पोटात बसून घट्ट होतं. स्प्रिंग पिनेला ढकलते, ग्रीस तिला धरून ठेवतं.

पिन बाहेर काढायची तर मागचा बारीक स्क्रू सोडायचा, पुढचं बोल्टचं डोकं फिरवून काढायचं आणि आत एक खास पोकळ चावी घालायची. ही चावी विकत मिळते. ती विकत घेणं म्हणजे हात टेकणं, असं अण्णांचं मत. त्यांनी गॅरेजमध्ये एक पोलादी नळी शिकंज्यात धरली आणि कानशीने घासायला बसले. दिवाळी आली, गेली. फराळाला आलेल्यांना करंजीबरोबर चावीही दाखवली गेली. शेवटी ती बसली, पिन सुटली, आणि बोल्टचा रिकामा सांगाडा उकळत्या पाण्यात घालायची वेळ आली. त्यासाठी अण्णांनी स्वयंपाकघरातलं जे पातेलं उचललं ते दुधाचं होतं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. आता गॅरेजमध्ये वेगळी शेगडी आहे आणि घरात नवं पातेलं.

लाकडातलं ग्रीस काढायची तऱ्हा तर टेक्ससनेच दिली. दस्ता आणि पुढचं लाकूड कागदात गुंडाळायचं, काळ्या पिशवीत भरायचं आणि जुलैच्या उन्हात काचा लावलेल्या गाडीत ठेवायचं. लाकडाला घाम फुटतो, कागद तो टिपतो. जपानी गाडीचा इतका उपयोग अण्णांनी पहिल्यांदाच केला. मागच्या सीटवर लांबोडकी काळी पिशवी पाहून शेजारीणबाई दोन दिवस वहिनींशी जरा जपून बोलत होत्या. त्यानंतर लाकडाला जवसाचं तेल, रोज थोडं, तळहाताने चोळून. वहिनींचं म्हणणं, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं डोकं दुखलं तेव्हा हे असे बसल्याचं आठवत नाही.

यानंतर रायफल उडू लागली, पण गोळ्या डावीकडे जायला लागल्या. इथे अण्णांचं व्याख्यान सुरू होतं. नळीच्या टोकावरची माशी कुठे सरकवायची? ऐकणारा म्हणतो, उजवीकडे. अण्णा याच उत्तराची वाट बघत असतात. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवायची, कारण नेम धरताना आपण माशीला पुन्हा मध्यावर आणतो आणि तेवढी नळी उजवीकडे वळते. एका पोरगेल्या टेक्सनला त्यांनी हे कागदावर आकृती काढून समजावलं. त्याच्या हातात नवीकोरी रायफल होती, वर दुर्बीण, आणि ती नीट चालत होती. त्याला काही अडचण नव्हती. पण निघताना तो म्हणाला, माझ्या आजोबांच्या कपाटात एक जुनी बंदूक आहे. या माणसाचा संसर्ग होतो, तो असा.

माशी सरकवून डावं-उजवं जुळलं, तर आता वर-खाली. अण्णा म्हणाले, "लाकूड!" ली-एन्फिल्डच्या घराण्यात सगळं लाकडावर असतं. गोळी सुटली की लोखंड मागे येतं, आणि तो धक्का पुढच्या लाकडाच्या आत कोरलेल्या दोन खांद्यांनी झेलायचा असतो. इतके उन्हाळे-पावसाळे खाऊन ते खांदे आक्रसतात, लाकूड हलायला लागतं आणि गोळी मनाला येईल तिकडे जाते. त्यातून एक धोंड अशी की दस्ता आधी काढायचा नाही. त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो फिरवला की ते लाकूड चिरलंच. ज्यांनी तो फिरवला त्यांच्या गोष्टी अण्णा भुताच्या गोष्टींसारख्या, आवाज खाली आणून सांगतात.

खांद्यांमागे त्यांनी सोड्याच्या डब्याच्या पत्र्याच्या चकत्या बसवल्या. नळीला खालून उचलून धरणारी एक इवलीशी स्प्रिंग असते, ती गॅरेजमध्ये उडाली. सगळ्यांनी जमिनीवर पालथं पडून शोधली. मिळाली नाही म्हणून बॉलपेनची लावून पाहिली, ती फुसकी निघाली. मग मूळची स्प्रिंग अण्णांच्याच पॅंटच्या दुमडीत सापडली.

काडतुसांचं तर वेगळं पुराण आहे. लष्कराचं ७.६२ आणि दुकानातलं ३०८ विंचेस्टर बाहेरून जवळपास सारखी. इशापूरमध्ये दुसरं घालावं का, यावर इथले जुन्या बंदुकांचे शौकीन भांडून उठतात. अण्णा सावध पक्षाचे, ७.६२ च्या मापाचंच वापरतात. पण त्यांना खरी मजा वाटते ती भांडणाच्या मुळाची. एकीकडे दाब तांब्याच्या चिरडण्यावरून मोजलेला, दुसरीकडे विजेच्या मापकाने. आणि माणसं दोन्ही आकडे एकाच एककात असल्यासारखे शेजारी मांडून तावातावाने बोलतात. "अर्धी अमेरिका युनिट लिहायला विसरली," असं म्हणून व्हॉल्व्ह तपासलेला हा माणूस गदगदून हसतो. त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात रेंजवर सापडलेली एक रिकामी पुंगळी आहे. बुडावर इंग्रजी अक्षरं आहेत: ओ, एफ, व्ही. म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव. आपल्या भुसावळजवळचं. रायफल बंगालची, काडतूस खानदेशचं आणि वेचणारा सांगलीचा, हे अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आमच्यासारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्यांनाही.

अण्णांचं फायरिंग बघणं हा संयमाचा अभ्यास आहे. १९१४ च्या ब्रिटिश शिपायाला ली-एन्फिल्डमधून मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारता याव्या लागत. अण्णा एक मारतात. मग पुंगळी उचलतात, प्रायमर बघतात, मान बघतात, हुंगतात, वहीत लिहितात. शेजारच्या बाकावर तोवर तीस गोळ्यांचं मॅगझीन संपून दुसरं लागलेलं असतं. पण अण्णांची गोळी सुटते तेव्हा खांद्याला बसलेला तो धक्का, तो जाड आवाज आणि मागून येणारा दारूचा वास हे सगळं ते डोळे मिटून घेतात. एकदा म्हणाले, "झेपतो रे. उस्ताद उगाच म्हणाले."

आणि मग एका शनिवारी सगळं जुळलं. शंभर यार्डावर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. एकही अडकली नाही. सुरक्षा अधिकाऱ्याने टाळ्या वाजवल्या, कागदावर तारीख घालून सही केली. अण्णांनी रायफल खोळीत घातली आणि घरापर्यंत चकार शब्द काढला नाही. रविवारी ते दूरदर्शनसमोर बसून राहिले. सोमवारी वहिनींचा मला फोन. "जेवत नाहीत नीट. गॅरेजमध्ये जातात आणि परत येतात. यांचं काय बिघडलंय?"

काहीच बिघडलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पुण्यात नोकरीला असताना अण्णांकडे बजाजची स्कूटर होती. सकाळी ती कुशीवर कलंडवून पुन्हा उभी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. त्यांनी ती विकली तेव्हा तिच्या जागी घेतलेली नवी गाडी पहिल्या किकला सुरू होई, आणि वहिनी सांगतात की तेव्हाही असंच आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं. हा आजार जुना आहे, औषधही ठाऊक आहे. मीच त्यांना एका जाहिरातीची वार्ता दिली. इशापूरचीच, पण ३०३ ची नळी पोखरून गुळगुळीत केलेली, एका वेळी एकच ४१० बोअरचं काडतूस घेणारी मस्केट. पहारेकऱ्यांसाठी अशा बनवत, म्हणजे चोरीला गेली तरी फौजेचं काडतूस तिच्यात चालायला नको. लाकूड चिरलेलं, पुंगळी ओढणारा आकडा तुटलेला, स्क्रू भलतेच. अण्णा त्याच संध्याकाळी दोनदा जेवले.

आता एकच अडलं आहे. जुन्या एन्फिल्डच्या दस्त्यात, झाकणाआड, बोटाएवढी पितळी तेलाची बाटली असे; अण्णांना ती अस्सल हवी आहे. पुण्यात कुंभारवेशीजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कुणाला दिसली तर घेऊन ठेवा. घासाघीस करत बसू नका, अण्णा मागाल ती किंमत देतील. झाकण घट्ट बसलेलं असेल तर मात्र कृपा करून तुम्ही उघडू नका.