मिलीमीटर भाऊ

चांदूर रेल्वेत बुटांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं, की एक माणूस त्याखालून वाकून आत शिरतो. एका हातात दुसरीतल्या पोराचं मनगट, दुसऱ्यात फूटपट्टी, शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद. दुकानदार नोकराला म्हणतो, "बत्ती राहू दे बे. भाऊ आले." ह्यातला 'भाऊ' आदराचा नसतो, शरणागतीचा असतो.

"दुपारी येत जा न भाऊ, गिऱ्हाईक नसते," असं दुकानदारानं एकदा सुचवून पाहिलं. त्यावर भाऊंनी समजावून सांगितलं, की दिवसभर उभं राहून, हुंदडून पाय सायंकाळी थोडा फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट सायंकाळी आवळतो. म्हणून माप सायंकाळीच घ्यावं, तेही पोराला उभं करून, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. हे सगळं खरं आहे. भाऊंचं बहुतेक सगळंच खरं असतं, म्हणूनच त्यांच्याशी धड भांडताही येत नाही.

पोराच्या बुटासाठी जीव पाखडणारा असा बाप गावोगावी असतो. कुठे तो शिक्षक असतो, कुठे पोस्टात, कुठे बँकेत. आमचे भाऊ रेल्वेत आहेत, रुळांच्या देखभालीवर, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचं दुसरं गाव आहे, म्हणून आमच्या चांदूरच्या शेपटीला रेल्वे लागली. १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत जो लोहमार्ग पुरा झाला, त्याच्यावरचं हे गाव. त्या मार्गाच्या दोन रुळांमध्ये अंतर १६७६ मिलीमीटर. ते कुठे घटलं, कुठे वाढलं ह्यावर नजर ठेवणं ही भाऊंची नोकरी. अशा माणसाला दुकानदार सांगतो, "उन्नीस-बीस चालते भाऊ." भाऊंच्या चेहऱ्यावरून एक मालगाडी घसरून जाते.

पोराचा पाय लांबीला वयाच्या मानानं बरोबर आहे, पण पंजा अरुंद आणि टाच त्याहून अरुंद. आजीच्या मते हा पाय त्याच्या मामाच्या घरचा. वहिनींच्या मते त्यांच्या माहेरचे पाय चांगले भरलेले आहेत, हा नमुना इकडचाच. ह्या वादात लग्नाची वर्षं गेली, पाय आहे तसाच आहे. भाऊ मात्र आपल्या खात्याच्या भाषेत बोलतात. "मूर्तिजापूरहून अचलपूरला, यवतमाळला शकुंतला जात होती न, अडीच फुटी रुळावरून? आपलं पोट्टं ते आहे. अन् बाजार सारा ब्रॉडगेजचा. एवढ्या मोठ्या रेल्वेनं दोन रुंद्या ठेवल्या, मंग बूटवाल्यायले काय झालं?"

बूटवाल्यांना काय झालं ते तसं उघड आहे. बूट कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून तयार होतो. एका नंबरात तीन रुंद्या काढायच्या तर कलबुतं तिप्पट, खोकी तिप्पट, आणि न खपलेला मालही तिप्पट. इंग्लंडात क्लार्क्ससारख्या कंपन्या लहान मुलांच्या एकाच नंबरात निरनिराळ्या रुंदीचे बूट विकतात, रुंदीला अक्षरं देतात. चांदूरच्या दुकानदाराला मुळात नंबर पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, तो अक्षरं कुठून आणणार? त्याच्याकडे एका नंबराचा एक बूट, आणि तो बसत नसेल तर एकच उपाय: "मोजा घातला का फिट बसते."

आता प्रत्यक्ष माप. पोराला बाकावर बसवतात, बूट चढवतात, उभं करतात. भाऊ आधी अंगठ्यानं टोक दाबतात. बोटांच्या पुढे साधारण सेंटिमीटरभर जागा हवी, ती असते. मग टाचेमागून करंगळी घालतात, ती सरळ आत जाते. पोरगं दुकानाच्या दारापर्यंत चालत जातं आणि परत येतं. भाऊ तोवर जमिनीला कान लावल्यासारखे ओणवे झालेले असतात. पाऊल उचललं की टाच बुटातून वर येते, बूट मात्र जमिनीवरच रेंगाळतो. "टाच उचलून रायली. दिसते का नाही?" नोकर म्हणतो, "पट्टा आवळतो." पट्टा आवळला की वरचं कातडं मधोमध चुणतं, टाच तरी वर येतेच. मग भाऊ आपलं शेवटचं शस्त्र काढतात. बुटातला सुकतळा उपसून ते फरशीवर ठेवतात आणि पोराला त्याच्यावर उभं करतात. पावलाच्या दोन्ही बाजूंना सुकतळ्याची मोकळी पट्टी दिसते, इकडे बोटभर, तिकडे बोटभर. दुकान शांत होतं. ह्या पुराव्यापुढे दुकानदार बोलत नाही, कारण फरशीवरची ती दोन बोटं त्यालाही दिसतात. वहिनींचं तेवढं दारातून ऐकू येतं, "घ्या न बाप्पा एकदाचे, पोट्टं पेंगून रायलं."

भाऊंचा खरा सामना दुकानदाराशी नाहीच, आजीशी आहे. आजी वाढत्या मापाच्या पंथाची. ह्या पंथाचं वऱ्हाडात बहुमत आहे. "वाढताच घे बाबू. पोट्ट्याचा पाय का थांबून रायते?" शर्ट वाढता, पँट वाढती, सायकल वाढती. आज पाय टेकत नसला तर दोन वर्षांनी टेकेल. बुटाचं तर फारच सोपं, टोकात कापूस कोंबायचा. कापसाला बाजारात भाव असो नसो, वऱ्हाडातल्या पोरांच्या बुटात त्याची जागा पक्की. भाऊ पुन्हा समजावतात, की नंबर वाढला म्हणजे नुसती लांबी वाढत नाही, रुंदीही वाढते. आपल्या पोराला अडचण रुंदीची, आणि कापूस बसतो टोकाला. पोरगं बूट पायात टिकवायला बोटं आखडून चालतं, ते वाईट. आजी सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "तुह्या पायात दहावीपर्यंत काय होतं?" काहीच नव्हतं. ह्यावर मात्र भाऊंकडे मिलीमीटरमध्ये उत्तर नाही.

नंबरांनीही आजीला फार छळलं आहे. इंग्रजी हिशेबात एका नंबरामागे बूट एक तृतीयांश इंचानं, म्हणजे साडेआठ मिलीमीटरच्या आसपास, वाढतो. युरोपच्या हिशेबात ती वाढ पावणेसातच्या आसपास. एकाच तळव्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात आणि नोकर सोयीनं हवा तो वाचतो. त्यात पोरांचे इंग्रजी नंबर तेरापर्यंत चढतात आणि पुढे परत एकपासून सुरू होतात. गेल्या खेपेला तेरा होता, आता एक लागेल, असं ऐकल्यावर आजी दचकली. "पोट्टं मोठं होऊन रायलं का लहान?"

आपल्या देशाचा स्वतःचा नंबर येणार, हे पेपरात वाचलं तेव्हा भाऊंना मोठी आशा वाटली होती. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅनरनं मोजले. त्यावरून 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली, लहान मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे गट केले. भाऊंनी बातमी कापून ठेवली, मग शेवटपर्यंत वाचली. निष्कर्ष असा, की भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेच्या मानानं पंजाशी रुंद. बूट रुंद हवेत. भाऊ बराच वेळ कात्रण हातात धरून बसले. लाखभर पायांनी मिळून त्यांच्या एका पोराच्या विरोधात मत दिलं होतं.

मग त्यांनी कागदाचा मार्ग धरला. पोराचं पाऊल वहीच्या पानावर पेन्सिल उभी धरून रेखायचं, लांबी लिहायची, पंजाची रुंदी लिहायची, आणि पान बाहेरगावी जाणाऱ्याच्या हाती द्यायचं. अमरावतीला जवाहर रोडवर जाणारे तर घरचेच. नागपूरला दवाखान्यात जाणारा शेजारी, पुण्याला शिकणारी भाची, मुंबईला सत्काराला निघालेले निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांच्या पाकिटात चांदूरचं पाऊल. पोरगं अजून बडनेऱ्याच्या पलीकडे गेलेलं नाही, पाय मात्र मुंबईपर्यंत जाऊन आला. हेडमास्तरांनी एक जोड आणला. पंजा बरोबर, टाच ढिली. भाचीनं आणला, त्याची टाच बरोबर होती; फक्त तो मुलींचा निघाला. मागवून परत पाठवायचा खेळही झाला. कुरिअरचा पोरगा आता फाटकाबाहेरूनच विचारतो, "ठेवून रायले का घेऊन जाऊ?"

कुठल्याशा व्हिडिओत भाऊंना अमेरिकेतलं माप घ्यायचं यंत्र दिसलं. सिरॅक्यूज गावात चार्ल्स ब्रॅनॉकच्या बापाचं बुटांचं दुकान होतं, आणि १९२० च्या दशकात पोरानं हे यंत्र काढलं. टाच मागे टेकवायची, एक पट्टी बोटांपर्यंत सरकवायची, दुसरी बाजूला लावायची, लांबी आणि रुंदी एकदम हातात. दुकानदाराचा पोरगा गिऱ्हाइकाच्या पायासाठी डोकं खपवतो, ह्या गोष्टीवर भाऊ इतके खूश झाले, की प्लायवूडचा तुकडा, पत्र्याची वाटी आणि जुनी फूटपट्टी घेऊन त्यांनी आठवडाभरात तसलं यंत्र घरी तयार केलं. पत्र्याची धार वहिनींच्या पायाला लागली तो भाग सोडून देऊ.

शाळेतही ते जाऊन आले. पहिली ते आठवीच्या पोरांना सरकारकडून एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मिळू लागले, तेव्हा दर पोरामागे १७० रुपये ठरले होते. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत भाऊंनी पावलाचा कागद टेबलावर पसरला आणि रुंदीचा विषय काढला. सभासदांनी चहा मागवला. एकानं विचारलं, "भाऊ, एकशेसत्तरात लांबी पुरली तरी बस झालं न?" हा हिशेब भाऊंनाही पटला, आणि मिळालेला जोड त्यांनी मुकाट्यानं घरी आणला.

त्या बुटाचं काम शेवटी बसस्टँडजवळच्या मोच्यानं केलं. जून सरत आला होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, आणि पेरणीही नेमकी तेव्हाच, त्यामुळे लोकांचा पैसा बियाण्यात आणि जीव ढगात अडकलेला. मोच्याकडे गर्दी नव्हती. भाऊंनी कागद काढला. मोची म्हणाला, "कागद कायले? पोट्टं आणलं न? बसव." त्यानं पाय हातात घेतला, टाच चिमटीत धरून पाहिली, बुटाच्या जिभेखाली नमद्याचा जाड तुकडा चिकटवला, सुकतळ्याखाली पातळ कातडं सरकवलं आणि पट्ट्याचं खरखरीत टोक अर्धा इंच पलीकडे शिवून दिलं, म्हणजे पट्टा जास्त ओढता यावा. पोरगं बसस्टँडपर्यंत पळत जाऊन आलं. टाच जागची हलली नाही. भाऊंनी करंगळी घालून पाहिली, ती अडली. वीस रुपये सांगितले होते, भाऊंनी पन्नास दिले. एवढ्या खर्चाला आजीनं आजतागायत माफ केलेलं नाही.

दिवाळीपर्यंत अर्थात पाय वाढला. भाऊंना ते ठाऊक होतं. ह्या वयात तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा बघावंच लागतं. नवा जोड, नवा नमदा, तोच मोची. फरक एवढाच, की गावात नाव झालं. 'मिलीमीटर भाऊ' हे चिडवायला ठेवलेलं नाव आता लोक पत्ता विचारताना वापरतात, आणि शाळा उघडायच्या आठवड्यात ओसरीवर चिल्लीपिल्ली ओळीनं उभी असतात. भाऊ एकेकाला प्लायवूडवर चढवतात, आकडे चिठ्ठीवर लिहून देतात आणि पैसे घेत नाहीत. दुकानदाराला हे मुळीच पसंत नाही, कारण आता दर पोरामागे एक चिठ्ठी येते.

परवा शेजारच्या काकू आल्या. भाऊंना सगळ्यात जास्त हसल्या असतील त्या ह्याच. नात अकोल्याला असते, म्हणून तिच्या आईनं पाठवलेला पावलाचा कागद तेवढा त्यांनी पुढे केला. भाऊंनी तो उलटून पाहिला, परत सुलटा केला.

"काकू, हा डावाच दिसते."

"मंग? दोन्ही सारखेच रायते न बाप्पा."

"नाई जी. एक थोडा मोठा असतेच. बूट त्याच्या मापाचा घ्या लागते." भाऊंनी कागद घडी करून परत दिला. "उजवा अकोल्यालेच ठेवला का?"