एकूण किती ग्रॅम?

आमच्या नानांना मसाला डोसा १२ मिलिग्रॅमला पडतो. स्टेशनपर्यंतची रिक्षा पाच. लग्नात पाचशे एकाचं पाकीट देताना ते नानींच्या कानात सांगतात, "पन्नास गेले." लिफ्टच्या दुरुस्तीला तीन लाख लागणार हे ऐकून सोसायटीच्या सभेत ते उठून "तीन तोळे!" असे ओरडले, तेव्हा सेक्रेटरींना वाटलं, कुणाकडे तरी चोरी झाली.

२०२५च्या एप्रिलात सोन्याचा भाव तोळ्याला लाखाला भिडला आणि नानांची मोठी सोय झाली. दहा रुपयांना एक मिलिग्रॅम, पाढे म्हणायला नकोत. पुढे भाव आणखी चढला, पण नानांनी हाच दर धरून ठेवलाय. बदलला तर डोसा स्वस्त होतो आणि खावासा वाटतो म्हणे.

हे सगळं अक्कामुळे. नाना २०१२ साली निवृत्त झाले तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "बाळ, चोख घे. दागिना नको, घडणावळ बुडते." बाळ तेव्हा साठीला टेकलेले. फंड, ग्रॅच्युइटी सगळं घेऊन त्यांनी गुरुपुष्य गाठला आणि लक्ष्मी रोडवरून वेढणी आणली. भाव एकतीस हजारांच्या आसपास. २०१५ पर्यंत तो सव्वीस हजारांच्या घरात उतरला. ज्येष्ठ नागरिक योजनेत नऊ टक्क्यांवर पैसे ठेवलेले मेहुणे दर तिमाहीला व्याज जमा झालं की मुद्दाम पेढे घेऊन यायचे. नाना पेढा खायचे आणि म्हणायचे, "अक्का म्हणाली आहे."

त्याच वर्षी सरकारने सुवर्णरोखे काढले. मुलाने समजावलं, वर पावणेतीन टक्के व्याज मिळतं, लॉकरचं भाडं वाचतं. नानांनी तो कागद तळहातावर ठेवून हलवून पाहिला. "जड लागत नाही," म्हणाले आणि परत दिला.

झडती आली तर विवाहित बाईचं ५०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करत नाहीत, पुरुषाचं मात्र शंभरच सोडतात, हा १९९४चा आदेश नानांना तोंडपाठ आहे. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे," असं ते एकदा नानींना म्हणाले. उभ्या संसारात नानींच्या वाट्याला आलेला प्रेमाचा उद्गार तो हाच.

मध्यंतरी डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलं. अडीच लाख. "पंचवीस ग्रॅम? एका गुडघ्याला?" नाना लंगडत घरी आले. मी म्हटलं, मोडा की दोन-तीन वेढणी, आता भाव चांगलाय. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अक्काने घे म्हणून सांगितलं होतं. मोड कधी, ते विचारायचं राहिलं." अक्का कोविडात गेली.

हा ग्रॅमचा नाद कुठून लागला, तेही त्या दिवशी कळलं. १९७० साली, तोळ्याला दोनशेही भाव नव्हता तेव्हा, विधवा अक्काने पाटल्या मोडून त्यांच्या डिप्लोमाची फी भरली होती. एका वर्षाला एक पाटली. नानांच्या आयुष्यात वजनावर मोजलेली पहिली वस्तू म्हणजे ते स्वतः. ते कळल्यापासून मी त्यांना हसत नाही, म्हणजे समोर तरी.

यंदा नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मुलगा कर्जाचे फॉर्म भरत बसला होता. नाना कुणाला न विचारता लॉकरवर गेले, वेढणी मोडून आले आणि पैसे टेबलावर ठेवून नातीला बजावलं, "चाळीस ग्रॅम झालीस. नापास होऊ नकोस."

मी म्हटलं, "नाना, मग आता गुडघ्याचंही उरकून टाका."

"गुडघा काय शिकून मोठा होणार आहे?"